माणिकपूरच्या छपरांवरचे जपानी नाव

वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेला पसरलेल्या माणिकपुरात १९७० आणि १९८०च्या दशकांत घराच्या सुबत्तेची एक नवी खूण छपरावर दिसू लागली होती. मंगळुरी कौलांच्या वर, नव्याने उभ्या राहणाऱ्या इमारतींच्या गच्चीवर, नारळीच्या झावळ्यांच्या शेजारी एका लोखंडी नळीला बांधलेली ॲल्युमिनियमच्या दांड्यांची चौकट उभी असे. तिच्यावर कावळे बसत, पावसाळ्यातील वाऱ्याने ती फिरे आणि ती फिरली की खालच्या खोलीतील पडद्यावर मुंग्या नाचू लागत. मग घरातील एखादा मुलगा छपरावर चढे आणि खालून येणाऱ्या हाकांच्या अंदाजाने नळी थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे वळवी. साऱ्या माणिकपुरात या चौकटींचे तोंड एकाच दिशेला, दक्षिणेला असे. कारण मुंबई दूरदर्शनचा मनोरा वरळीला होता आणि माणिकपूर तेथून जवळजवळ सरळ उत्तरेला, सुमारे ४० किलोमीटरवर.

सामान्य माणूस या चौकटीला 'अँटेना' म्हणे. दुरुस्ती करणारे कारागीर आणि विद्युत-साहित्याचे दुकानदार मात्र तिला 'यागी' म्हणत. हा शब्द त्यांच्या तोंडी इतका रुळला होता, की तो एका माणसाचे आडनाव आहे याची अनेकांना कल्पनाही नसे. हिदेत्सुगु यागी हे ते नाव. जपानच्या या अभियंत्याचे आयुष्य ९० वर्षांना स्पर्श करून १९७६ मध्ये संपले. जगातील कोट्यवधी छपरांवर त्यांचे नाव पोचले. स्वतःच्या देशाने मात्र त्या नावाची किंमत फार उशिरा ओळखली. आणि त्या नावाआड आणखी एक नाव झाकले गेले, त्याची रुखरुख विज्ञानाच्या इतिहासाला आजही आहे.

ओसाका ते ड्रेस्डेन

यागी यांचा जन्म २८ जानेवारी १८८६ रोजी ओसाका येथे झाला. मेइजी राजवटीतील तो जपान होता. पाश्चात्त्य विद्या शिकायची, पण आपले स्वत्व सोडायचे नाही, अशी त्या पिढीची जिद्द होती. क्योतो येथील उच्च विद्यालयातून यागी तोक्यो इंपीरियल विद्यापीठात गेले आणि १९०९ मध्ये विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. त्यानंतर उत्तर जपानातील सेंदाई येथे त्यांनी अध्यापनाला आरंभ केला.

बिनतारी संदेशवहनाचे ते बालपण होते. मार्कोनी यांनी अटलांटिक महासागरापलीकडे संदेश पाठवून एक तपही पुरते उलटले नव्हते. १९१३ मध्ये सरकारने यागी यांना उच्च अध्ययनासाठी परदेशी पाठविले. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे हाइनरिश बार्कहाउझेन यांच्या हाताखाली ते विद्युत कंपनांच्या निर्मितीचा अभ्यास करू लागले. १९१४च्या उन्हाळ्यात ते सुटीसाठी स्वित्झर्लंडला गेले असतानाच पहिल्या महायुद्धाचा भडका उडाला. ड्रेस्डेनला परतणे अशक्य झाले. अशा वेळी दुसरा कोणी मायदेशी परतला असता. यागी लंडनला गेले आणि विद्युत-निर्वात नळीचे जनक जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांच्याकडे काम करू लागले. तेथून ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज पिअर्स यांच्याकडे पोचले. युद्धाने एक दार बंद केले, तेव्हा तीन देशांतील तीन गुरूंची विद्या पदरी बांधून हा तरुण १९१६ मध्ये मायदेशी परतला.

सेंदाईच्या तोहोकु इंपीरियल विद्यापीठात अभियांत्रिकी शाखा सुरू झाली, तेव्हा १९१९ मध्ये यागी तेथे प्राध्यापक झाले. राजधानीपासून दूर असलेल्या या विद्यापीठात पैशांची चणचण होती. मात्र स्थानिक साइतो घराण्याच्या न्यासाने विद्युत-संदेशवहनाच्या संशोधनाला १९२४पासून आर्थिक पाठबळ दिले आणि यागींच्या प्रयोगशाळेला बळ आले. त्या काळी बहुतेक संशोधकांचे लक्ष लांब पल्ल्याच्या दीर्घ लहरींकडे होते. यागींनी नेमक्या उलट्या, म्हणजे अतिलघू लहरींवर लक्ष केंद्रित केले. भविष्यात यांचाच उपयोग होणार, अशी त्यांची खात्री होती. त्यांचे एक शिष्य किंजिरो ओकाबे यांनी १९२७ मध्ये द्विभाजित धनाग्राचा मॅग्नेट्रॉन तयार केला. आज घरोघरी मायक्रोवेव्ह भट्टीत जो मॅग्नेट्रॉन असतो, त्याच्या वंशावळीत ओकाबे यांच्या या कामाला स्थान आहे.

जोडणी नसलेल्या दांड्या

यागींच्या प्रयोगशाळेतील दुसरे तरुण संशोधक म्हणजे शिंतारो उदा. तोयामा प्रांतात १८९६ मध्ये जन्मलेले उदा १९२४ मध्ये तोहोकु विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि तेथेच काम करू लागले. प्रयोगशाळेत तारेच्या वेटोळ्यातील कंपनांची मोजमापे चालू असताना एक गोष्ट ध्यानात आली होती. जवळ ठेवलेला धातूचा दुसरा तुकडा कशालाही जोडलेला नसला, तरी लहरींचा जोर एका बाजूला वाढतो आणि दुसऱ्या बाजूला घटतो. यागींना या निरीक्षणाचे महत्त्व कळले. त्याचा पाठपुरावा करण्याचे काम उदा यांच्याकडे आले.

उदा यांनी ते काम ज्या चिकाटीने केले, तिला तोड नाही. सुमारे साडेचार मीटर लांबीच्या लहरी घेऊन त्यांनी दांड्यांची लांबी, त्यांतील अंतर, त्यांची संख्या बदलून पाहिली आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवली. त्यातून जी रचना हाती आली, ती आजही तशीच आहे. मधोमध एक दांडी असते. तीच तेवढी वायरने यंत्राला जोडलेली असते. तिची लांबी लहरीच्या निम्म्याएवढी. तिच्या मागे थोडी अधिक लांब दांडी, ती परावर्तक. पुढे थोड्या आखूड दांड्यांची रांग, त्या दिग्दर्शक. परावर्तक आणि दिग्दर्शक या दांड्या कशालाही जोडलेल्या नसतात. तरीही येणारी लहर त्यांच्यात प्रवाह निर्माण करते आणि तो प्रवाह पुन्हा स्वतःची लहर सोडतो. लांबीतील किंचित फरकामुळे या दुय्यम लहरी मागेपुढे होतात. पुढच्या बाजूला त्या मूळ लहरीशी जुळून तिचा जोर वाढवितात, मागच्या बाजूला तिला निष्प्रभ करतात. विजेचा एकही जादा कण न खर्चता केवळ धातूच्या काही दांड्यांनी लहरींना दिशा मिळते. या साधेपणातच या शोधाची थोरवी होती.

फेब्रुवारी १९२६ मध्ये जपानच्या इंपीरियल अकादमीच्या नियतकालिकात यागी आणि उदा या दोघांच्या नावे याविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९२९पर्यंत उदा यांनी जपानी भाषेत एकामागून एक निबंध लिहून या रचनेचा तपशीलवार अभ्यास मांडला. मात्र १९२५च्या अखेरीस जपानमध्ये जो एकस्व-अर्ज दाखल झाला, तो एकट्या यागींच्या नावे होता. १९२८ मध्ये यागी अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. तेथे त्यांनी रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेपुढे व्याख्याने दिली आणि त्या संस्थेच्या मुखपत्रात त्याच वर्षी अतिलघू लहरींवरील त्यांचा इंग्रजी निबंध छापून आला. त्यात त्यांनी उदा यांच्या कामाचा स्पष्ट उल्लेख केला होता. तरीही जपानी न जाणणाऱ्या जगाने इंग्रजी निबंधावर ज्यांचे नाव होते, त्यांच्याच नावाने ही रचना ओळखली. अमेरिकेतील एकस्व आरसीए कंपनीकडे, तर ब्रिटनमधील मार्कोनी कंपनीकडे गेले. 'यागी अँटेना' हे नाव जगभर रूढ झाले ते असे.

मराठी वाचकाला 'उदा' ही दोन अक्षरे दिसली, की 'उदाहरणार्थ' आठवते. योगायोग असा, की शिंतारो उदा खरोखरच एक उदाहरण ठरले. प्रयोगशाळेत रात्रंदिवस राबणाऱ्या आणि फळ हाती आल्यावर मागे राहणाऱ्या असंख्य सहायकांचे ते उदाहरण होते. आज पाठ्यपुस्तकांतून 'यागी-उदा अँटेना' असे जोडनाव छापले जाते. माणिकपूरच्या दुकानांत मात्र त्यातील दुसरे नाव कधी पोचले नाही.

मायदेशातील उपेक्षा

परदेशी अभियंत्यांनी या शोधाचे महत्त्व लवकर ओळखले. जपानी लष्कराने आणि उद्योगांनी मात्र त्यात फारसा रस घेतला नाही. उदा यांनी आपल्या परीने उपयोग करून दाखविला. १९३०च्या दशकाच्या आरंभी जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरील साकाता बंदर आणि समुद्रातील तोबिशिमा हे बेट यांच्यात याच अँटेनाच्या साह्याने बिनतारी दूरध्वनी सुरू झाला. बेट किनाऱ्यापासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे, म्हणजे वरळी आणि माणिकपूर यांच्यातील अंतराएवढेच. पण या यशानेही धोरणकर्त्यांचे डोळे उघडले नाहीत. एकस्वाची मुदत १९४१ मध्ये संपत आली, तेव्हा ती वाढवून मिळावी म्हणून अर्ज करण्यात आला. शोध तितका महत्त्वाचा नाही, असे ठरवून तो फेटाळण्यात आला.

त्यानंतर जेमतेम काही महिन्यांत नियतीने त्या निर्णयाची कठोर थट्टा केली. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. तेथे हाती लागलेल्या ब्रिटिश रडारच्या सामग्रीत एका तंत्रज्ञाची टिपणवही सापडली. तिच्यात एक शब्द वारंवार आला होता आणि त्याचा अर्थ जपानी अधिकाऱ्यांना लागेना. तो उच्चारायचा कसा, यावरही त्यांचा खल झाला. अखेरीस युद्धकैद्याकडे चौकशी केली, तेव्हा कळले की तो शब्द म्हणजे हा अँटेना शोधणाऱ्या जपानी प्राध्यापकाचे आडनाव आहे. शत्रूच्या विमानांचा माग काढणाऱ्या, शोधझोतांना दिशा देणाऱ्या ब्रिटिश यंत्रांवर जपानच्याच सेंदाई येथे जन्मलेली रचना बसविलेली होती, आणि जपानला त्याचा पत्ता नव्हता.

याहून दारुण प्रसंग पुढे होता. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी येथे टाकलेले अणुबाँब जमिनीपासून ठराविक उंचीवर फुटावेत, यासाठी त्यांच्यात रडार-उंचीमापक बसविले होते. त्या उंचीमापकांचे अँटेना यागी पद्धतीचेच होते. ज्या शोधाची मुदत वाढविण्याइतकेही महत्त्व मायदेशाला वाटले नाही, तोच शोध त्या मायदेशाच्या दोन शहरांवर कोसळला. विज्ञानाच्या इतिहासात असे क्रूर विरोधाभास थोडे आहेत.

प्रयोगशाळेबाहेरचे यागी

यागी हे केवळ एका शोधाचे धनी नव्हते. १९३३ मध्ये ते नव्याने स्थापन झालेल्या ओसाका इंपीरियल विद्यापीठात गेले. तेथील पदार्थविज्ञान विभागाची उभारणी करताना त्यांनी तरुण माणसे पारखून घेतली. हिदेकी युकावा हे त्यांपैकी एक. या अबोल तरुणाकडून काही लिहून होत नाही, हे पाहून यागींनी त्याला कडक शब्दांत समज दिली, असे सांगतात. १९३५ मध्ये युकावा यांचा मेसॉन कणाचे भाकीत करणारा निबंध प्रसिद्ध झाला आणि १९४९ मध्ये ते नोबेल पारितोषिक मिळविणारे पहिले जपानी ठरले. शिष्याला वेळेवर टोचणारा गुरू लाभणे हेही भाग्यच.

१९४२ मध्ये यागी तोक्यो येथील तंत्रविद्यापीठाचे अध्यक्ष झाले. १९४४च्या अखेरीस त्यांच्याकडे सरकारच्या तंत्रज्ञान विभागाचे प्रमुखपद आले. युद्ध हरत चालले होते आणि तरुण वैमानिक स्वतःची विमाने शत्रूच्या नौकांवर आदळून प्राण देत होते. १९४५च्या आरंभी जपानी संसदेत त्यांना याविषयी प्रश्न विचारण्यात आला. वैमानिकाचा प्राण न घेता अचूक वेध घेणारी साधने देणे हे तंत्रज्ञांचे कर्तव्य होते आणि ते पार पडले नाही, अशा आशयाची खंत त्यांनी तेथे व्यक्त केली. युद्धोन्मादाच्या त्या दिवसांत एका सरकारी अधिकाऱ्याने असे बोलणे सोपे नव्हते. तरीही हे विसरता येत नाही, की त्या युद्धयंत्रणेत ते स्वतः एक जबाबदार पदाधिकारी होते. म्हणूनच युद्धानंतर १९४६ मध्ये ओसाका विद्यापीठाचे अध्यक्ष झालेल्या यागींना त्याच वर्षी दोस्त राष्ट्रांच्या धोरणानुसार सार्वजनिक पद सोडावे लागले.

साठी ओलांडलेल्या माणसाने अशा वेळी निवृत्ती पत्करली असती, तर नवल नव्हते. यागींनी पुन्हा उभारी धरली. १९५२ मध्ये त्यांच्या नावाची अँटेना-कंपनी स्थापन झाली आणि तिची धुरा त्यांनी सांभाळली. १ फेब्रुवारी १९५३ रोजी जपानमध्ये दूरचित्रवाणीचे नियमित प्रक्षेपण सुरू झाले आणि पाहता पाहता जपानी घरांच्या छपरांवर यागी अँटेना उगवले. रडारसाठी ज्याची ख्याती झाली होती, ते साधन घराघरातील करमणुकीचे दार बनले. १९५३ ते १९५६ या काळात यागी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य होते. १९५६ मध्ये त्यांना जपानचा संस्कृती सन्मान मिळाला.

उदा यांचा मार्ग त्या वेळी भारताकडे वळला होता. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात संयुक्त राष्ट्रांच्या तांत्रिक साहाय्य योजनेखाली सूक्ष्मलहरींचे तज्ज्ञ म्हणून ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत काम करीत होते. १५ सप्टेंबर १९५९ रोजी त्याच दिल्लीत भारतातील पहिले प्रायोगिक दूरचित्रवाणी प्रक्षेपण झाले. ते पाहण्यासाठी लागणाऱ्या अँटेनाच्या दोन जनकांपैकी एक नुकताच या शहरात राहून गेला होता, हे तेव्हा फार थोड्यांना ठाऊक असावे.

वरळीचा मनोरा आणि वसईचा वारा

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच बांधला गेला, त्यामागे एक सरळ हिशेब होता. दूरचित्रवाणीच्या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीच्या वक्राकाराआड गेलेल्या गावांना त्या नीट पोचत नाहीत. मनोरा जितका उंच, तितके त्याचे क्षितिज दूर. ३०० मीटरवरून हे क्षितिज सुमारे ७० किलोमीटरपर्यंत जाते. माणिकपूर त्याच्या आत येत होते. पण दादर-गिरगावात खिडकीत ठेवलेल्या दोन काड्यांवर जे चित्र दिसे, ते येथे दिसत नसे. अंतर वाढले, की लहर क्षीण होते. वाटेत उपनगरांच्या इमारती येतात आणि त्यांवर आदळून उशिरा पोचणारी लहर पडद्यावर मूळ चित्राशेजारी दुसरी पुसट छाया उमटविते. यागी रचनेचा उपयोग या दोन्ही अडचणींवर होई. समोरून येणारी लहर ती अधिक जोराने टिपे आणि आजूबाजूने येणाऱ्या परावर्तित लहरींकडे पाठ फिरवी.

या छपरावरच्या चौकटीचे मोजमापही ठरलेले असे. सुरुवातीच्या मुंबई केंद्राची लहर पाच मीटरच्या जवळपास होती. म्हणून मधली दांडी अडीच मीटरपेक्षा किंचित आखूड. सेंदाई येथे उदा यांनी ज्या लांबीच्या लहरींवर प्रयोग केले, तीही याच्या जवळचीच. मधली दांडी सामान्यतः दुमडलेली, लांबट कडीसारखी असे. तिच्यापासून निघणारी चपटी दुहेरी वायर ३०० ओहमची. पुढे ७५ ओहमची गोल केबल आली, तेव्हा दोहोंचा मेळ घालण्यासाठी 'बालुन' नावाचा लहानसा जोडभाग बसवावा लागे. तो न बसविता केबल नुसती पिळून जोडली, की लहरीचा काही भाग जोडापासूनच माघारी परते आणि चित्र फिके पडे. वसईच्या खाऱ्या वाऱ्याने ॲल्युमिनियमवर पांढरी पुटे चढत, स्क्रू गंजत. दरवर्षी पावसाळ्यानंतर जोड घासूनपुसून पुन्हा आवळणे हा अनेक घरांतील नेम झाला होता.

चित्र अस्पष्ट दिसले, की लोक बूस्टर आणत. येथेही यागींच्या रचनेतील मर्म लक्षात घ्यावे लागे. बूस्टर लहरीबरोबर तिच्यातील खरखरही वाढवितो. अँटेनाला जे मिळालेच नाही, ते पुढच्या कोणत्याही यंत्राला निर्माण करता येत नाही. म्हणून जाणता कारागीर आधी दिशा पाही, मग जोड तपासी आणि अखेरीस बूस्टरचा विचार करी. लावायचाच झाला, तर तो छपरावर, अँटेनाजवळ लावी. लांब केबलमधून थकून आलेल्या लहरीला खोलीत बळ देण्यात फारसा अर्थ नसतो.

१९९०च्या दशकात केबल आली, पुढे गच्चीवर लहान तबकड्या आल्या. नवघर-माणिकपूर नगरपरिषद २००९ मध्ये वसई-विरार महापालिकेत विलीन झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला आणि कौलारू घरांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत गेल्या. छपरांवरील चौकटी एकेक करून भंगारात गेल्या. दूरदर्शनने देशभरातील जुन्या पद्धतीचे भूतल प्रक्षेपणही २०२१-२२च्या सुमारास जवळजवळ पूर्णपणे बंद केले.

माणिकपूरच्या दिवाणखान्यात आता होम थिएटरचा रिसीव्हर असतो. त्याच्या पाठीमागे खोबण्यांची रांग दिसते. सेट-टॉप बॉक्स, डिस्क-प्लेअर, खेळांचे यंत्र यांपैकी प्रत्येकाची एचडीएमआय केबल आपापल्या खोबणीत जाते आणि रिसीव्हरमधून एकच केबल टीव्हीकडे निघते. रिसीव्हरमध्ये दूरचित्रवाणीचा ग्राहक नसतो. त्यामुळे एखाद्याने टीव्हीचा अँटेना आजही लावला, तर तो टीव्हीलाच जोडावा लागतो आणि आवाज तेवढा रिसीव्हरकडे परत आणावा लागतो. या साऱ्या अंकीय गर्दीच्या एका कोपऱ्यात बहुधा एक जुना सोबती टिकून असतो. ती म्हणजे ७५ ओहमची एफएम अँटेनाची खोबण.

खोक्यातून येणारी वायरची साधी दोरी तिला जोडली, तरी रेडिओ वाजतो. पण मुंबईची एफएम केंद्रे दूर असल्याने स्टीरिओ आवाजात खरखर राहू शकते. एफएमची लहर सुमारे तीन मीटरची, म्हणजे मधली दांडी जेमतेम दीड मीटरची. तीन दांड्यांचा लहानसा यागी गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून लावला आणि ७५ ओहमची अखंड केबल खाली आणली, तर तीच केंद्रे स्वच्छ ऐकू येऊ शकतात. हजारो रुपयांच्या यंत्राला जे साधत नाही, ते ॲल्युमिनियमच्या तीन नळ्या साधतात.

उशिरा आलेला न्याय

१९ जानेवारी १९७६ रोजी, वयाची नव्वदी नऊ दिवसांवर आली असताना, तोक्यो येथे यागी यांचे निधन झाले. त्याच वर्षी १८ ऑगस्ट रोजी उदाही गेले. अर्धशतकापूर्वी एकाच निबंधावर ज्यांची नावे होती, त्यांचे आयुष्य सात महिन्यांच्या अंतराने संपले. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत अभियंता संघटनेने तोहोकु विद्यापीठातील या संशोधनाला अभियांत्रिकीतील मैलाचा दगड म्हणून मान्यता दिली.

यागींनी उदा यांचे श्रेय हिरावून घेतले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या इंग्रजी निबंधात त्यांनी सहकाऱ्याच्या कामाची नोंद केली होती, आणि लघुलहरींवर विश्वास ठेवून प्रयोगशाळा उभी करण्याचे, तरुणांना योग्य प्रश्न सोपविण्याचे श्रेय निःसंशय त्यांचेच आहे. पण एकस्वावर एकच नाव राहिले, आणि एकदा रूढ झालेले नाव बदलणे कोणाच्याच हाती राहत नाही, हेही तितकेच खरे. उदा यांनी याविरुद्ध जाहीर वाद मांडला नाही. १९५४ मध्ये आपले सहकारी यासुतो मुशिआके यांच्यासह त्यांनी या अँटेनाच्या सिद्धांतावर एक ग्रंथ लिहिला आणि त्याच्या शीर्षकात आपल्या गुरूचे नाव पहिले ठेवले. त्यानंतर एक जोडचिन्ह आणि मग स्वतःचे. अर्ध्या जगाने विसरलेला हिशेब त्यांनी एका छोट्या आडव्या रेघेने पुरता केला होता.